१९८६ ची कॉर्व्हेट: एबीएस काढून टाकावं का?

बेलापूरकर: नमस्कार मंडळी. ओहायोत असतो, १९८६ ची सी-४ (चौथ्या पिढीची) कॉर्व्हेट स्पोर्ट्स कार आहे. त्याच वर्षी या गाडीला बॉशचं एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं. हल्ली एबीएसचा दिवा विझतच नाही. एरवी ब्रेक नीट लागतात. मॉड्युलेटर (चाकांच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा एबीएसचा भाग) ड्रायव्हरच्या सीटमागच्या कप्प्यात आहे, त्यामुळे ब्रेकचे पाइप पुढून मागे जातात आणि पुढच्या चाकांसाठी परत पुढे येतात. हा सगळा पसारा काढून साधे पाइप टाकावेत असं मनात आहे. गाडी रविवारी बाहेर निघते, अधूनमधून ट्रॅकवर. कुणी केलंय का?

पाना_नं_दहा: दुसऱ्या गाडीवर केलंय. पाइप तांबे-निकेलचेच घ्या, हाताने छान वळतात. टोकं डबल फ्लेअर करा, म्हणजे दुहेरी दुमडून पसरवा. कापलेल्या जागी कॉम्प्रेशन फिटिंग (नट आवळून पाइप धरणारा जोड) लावायचं नाही म्हणजे नाही, ब्रेकचा दाब त्याला झेपत नाही.

सुलभा_क: बेलापूरकर, जरा थांबा. दिवा लागलाय म्हणजे कंट्रोलरने (एबीएस चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याने) एबीएस आधीच बंद केलंय. या जुन्या बॉश सिस्टीममध्ये एरवी ब्रेक ऑइल मॉड्युलेटरमधून सरळ पुढे जातं. चाक जाम व्हायला लागलं तरच व्हॉल्व्ह मधे पडतात. म्हणजे तुम्ही आजही बिनएबीएसचीच गाडी चालवताय! पाइप उपटून त्यात काय वाढणार?

आधी चारही चाकांच्या, वेग मोजणाऱ्या सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. आकडे साधारण सारखे हवेत, एखादा वेगळा आला की तिथेच गोम. हबजवळ (चाकाच्या मध्यापाशी) सेन्सरची वायर सतत वाकते, आतली तार तुटते आणि वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. सेन्सरसमोर फिरणाऱ्या दात असलेल्या रिंगवरचा गंज, रिले, अर्थिंग हेही बघा. आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत ना?

पाना_नं_दहा: ताई म्हणतात ते बरोबर. तरीही काढायचंच असेल तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल आधी तपासा. मागची चाकं आधी जाम झाली की गाडी गर्रकन फिरते. नवे पाइप टाकल्यावर रिकाम्या जागेत, कमी वेगाने सुरुवात करून बघा, मगच रस्त्यावर.

श्टुटगार्टचा_बाळ्या: इथे जर्मनीत मूळ एबीएस काढलं तर गाडीचा रस्त्यावर चालवायचा परवानाच जातो. तुमच्या राज्याचा नियम आणि इन्शुरन्सवाल्यांचं म्हणणं आधी विचारून घ्या, लेखी.

बेलापूरकर: मारुती ८०० वर शिकलोय, पाय हलका ठेवून ब्रेक मारायची सवय आहे. तेवढ्यावर भागणार नाही का?

सुलभा_क: कोरड्या ट्रॅकवर भागेल. पण ओल्या रस्त्यावर समोर हरीण आलं की पाय सवय विसरून पेडल दाबूनच धरतो. शिवाय एकाच पेडलने चार चाकांना वेगवेगळा दाब देणं कुणालाच जमत नाही. तुमच्या ओहायोत हरणं काय कमी आहेत?

बेलापूरकर: मीटर लावला. तीन चाकं जवळपास सारखी, पुढच्या उजव्याला मात्र ओपन (सर्किट तुटलेलं) दाखवतंय. स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की क्षणभर आकडा येतो आणि जातो.

सुलभा_क: वायर तुटलीय. तिथे जोड देऊ नका, सेन्सर वायरसकट बदला. बसवताना रिंग ब्रशने साफ करा आणि वायरच्या क्लिपा मूळ जागीच लावा, नाहीतर नवीही तिथेच तुटेल. मॉड्युलेटरला तूर्त हात लावू नका.