काळ्या वावरात घर बांधतोय (समुद्रपूर, जि. वर्धा). पाया, भिंती, छप्पर… सल्ला हवा

वावरातली_जोडी : नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको, बारा वर्षं नागपुरात भाड्यानं राहतोय. यांच्या वाटणीला आलेलं अडीच एकर वावर आहे, गावापासून हाकेच्या अंतरावर. तिथं साडेसातशे चौरस फुटांचं घर बांधायचं ठरलंय. पूर्ण काम ठेकेदाराला द्यायचं नाही. मिस्त्री रोजीनं, माल आम्ही आणणार, जमेल तेवढं स्वतः करणार. डोक्यात मातीच्या भिंती, बांबू, कवेलू (कौलं). सासूबाईंचं एकच : "जन्म गेला सारवण्यात, आता पुन्हा मातीतच नेता का मला?" त्यांना स्लॅब पाहिजे.

माती काळी आहे, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडतात. पाया कसा घ्यावा? मातीचा हट्ट धरावा का? आणि पैसा वाचवायचाच तर कशात?

हिंगणघाटचा_भाऊ : वहिनी, पहिले पायाचं पाहा, भिंतीचं मागून. माझं घर वावरातच आहे. ठेकेदार म्हणे चार फूट खोदू, दगड भरू, झालं. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. पावसाळ्यात बुजली, पुढच्या मेमध्ये पुन्हा उघडली. आता आमची पोट्टी तिच्यात पेन्सिली ठेवतात. दोनदा सिमेंट भरलं, दोन्ही वेळा पैसे पाण्यात.

रिटायर_ओव्हरसियर : वरच्या भाऊंचं झालं ते घरोघरी होतं. काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते, आणि घराखाली हे सगळीकडे सारखं होत नाही. मधली माती झाकलेली, ती ओल धरून राहते, कडेची वाळते. म्हणून कोपरे आधी जातात.

सिमेंटचा भाव विचारायच्या आधी जोत्याच्या जागेवर दोन कोपऱ्यांत माणूस उतरेल एवढे खड्डे खणा. मुरूम किती खोल लागतो ते बघा. पाच-सहा फुटांवर लागला तर सरळ मुरमात पाया टेकवा, पाइलची (जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबांची) भानगड नको. नाहीच लागला तर अंडर-रीम्ड पाइल. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं आपल्याकडं ही पद्धत काळ्या मातीसाठी रुजवली. ऑगरनं (जमिनीत फिरवायच्या गिरमिटानं) हातानंच भोक पाडता येतं, मग खाली ते कांद्यासारखं रुंद करायचं, वरच्या व्यासाच्या अडीचपट, त्यात सळ्यांचा पिंजरा सोडून काँक्रीट. खोली किमान साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट. तिथं ऋतूंची ओल-कोरड फारशी पोचत नाही. वरची प्लिंथ बीम (जोत्याची काँक्रीटची आडवी तुळई) मातीवर टेकू देऊ नका, खाली थोडी पोकळी ठेवा, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते.

आणखी एक. खणलेली काळी माती जोत्यात परत भरू नका. मिस्त्री हमखास भरतात, कारण ती समोरच पडलेली असते. त्या दिवशी तुमच्यापैकी एकानं तिथं उभं राहायचं. मुरूमच भरा, थर देत, पाणी मारून, ठोकून. घराभोवती बाहेर उतार दिलेला तीन-चार फुटांचा पक्का पट्टा घ्या, न्हाणीचं पाणी लांब न्या. मोठी झाडं भिंतीजवळ नकोत, ती मुळांनी माती कोरडी करतात.

म्हातारा_वऱ्हाडी : बाई, आमचा बुढा सांगे, गाव पांढरीवर बसते अन् पीक काळीवर येते. जुन्या लोकायनं गावं काही उगीच टेकाडावर नाही वसवले. काळीत घर बांधाले कोणी जायेच ना. अन् धाब्यावर (घराच्या सपाट छपरावर) टाकत ते मातीबी पांढरीच. गावठाणात जागा भेटत असन तं आधी ते पाहा. वावर हाकेवरच हाये नं तुमचं?

वावरातली_जोडी : काका, गावठाणातली जागा चार चुलत्यांच्या भांडणात अडकली आहे. ती सुटेपर्यंत आमचं वय निघून जाईल.

तहसीलच्या_चकरा : मग कागद आधी. शेतीच्या जमिनीवर शेतघर बांधायची सोय महसूल संहितेच्या कलम ४१ मध्ये आहे, पण तिला अटी आहेत. तलाठ्याकडं आणि ग्रामपंचायतीत विचारून लेखी घ्या, तोंडी "बांधा जी, काय होते" यावर जाऊ नका. कर्ज घेणार असाल तर बँकेत आत्ताच विचारा. बऱ्याच बँका अकृषक कागद मागतात.

धारणीची_सून : आमचं मातीचं घर मेळघाटात, नववं वर्ष. मेच्या दुपारी आत आलं की पायांनाच फरक कळतो. पण दरवर्षी दिवाळीआधी सारवण, पोतारा (भिंतींना मातीचा हात) आणि बारा महिने उधईवर (वाळवीवर) नजर. हे तुम्हाला आवडत असेल तरच करा, सासूबाईंच्या गळ्यात घालू नका. त्या बरोबर बोलतात.

बांबू तीन वर्षांहून जुना, पावसाळ्यानंतर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवलेला घ्या. तसाच लावला तर भुंगा पीठ करतो. शिकायचं तर आमच्याकडं लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र, चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं बांबू केंद्र. तुम्ही तर वर्धेचे. दत्तपूरचं सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस जवळच आहे, आणि त्याच दिवशी सेवाग्रामला बापूकुटीची पुढे आलेली वळचण बघा. मातीची भिंत टिकते ती त्या सावलीमुळं आणि पाऊस अडवल्यामुळं.

कवेलू मात्र सोडा. वानरं. एका सकाळी वीस जणांची टोळी छपरावरून गेली की बघायला नको. गावं टिनाकडं गेली ती काही हौसेनं नाही.

कूलरप्रेमी_नागपूर : नकाशात कूलरची खिडकी आणि त्याच्या समोर हवा बाहेर जायला वाट आहे का? नंतर भिंत फोडाल. शयनखोली पश्चिमेला नको, तिकडं न्हाणी आणि कोठी टाका. स्लॅबवर दर उन्हाळ्यात चुना.

वावरातली_जोडी : सगळ्यांचे आभार. काल दोन खड्डे खणले. हे कमरेपर्यंत उतरले तेव्हा अख्खं गाव बघायला जमलं, विहीर चालली का म्हणून. एका कोपऱ्यात पाच फुटांवर मुरूम लागला, दुसऱ्यात साडेसहावर. त्यामुळं असं ठरतंय : पाया आणि कॉलम पक्के, वर स्लॅब (सासूबाई जिंकल्या), मातीची भिंत फक्त ओसरीला, तीही भार नसलेली. ओव्हरसियर काका, दोन कोपऱ्यांत दीड फुटाचा फरक आहे, पाया कुठवर न्यायचा?

रिटायर_ओव्हरसियर : प्रत्येक कॉलम आपापल्या जागी मुरमात एक-दीड फूट आत. खोली वेगळी झाली तरी चालेल, काळीवर एकही टेकू नका. बाकीच्या दोन कोपऱ्यांतही खणून बघा, मगच सळ्या आणा.