अनुभव धागा: राणीच्या बागेशी तुमचं नातं

भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली खुली झाली. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्याला सांगताना आजही 'राणी बाग'च. ती टिकली ती मुंबईकरांच्या जिवावर, असं माझं मत. तुम्ही तिथे काय पाहिलंत, कशासाठी भांडलात, लिहा. प्राण्यांबद्दलच हवं असं नाही.

—

आम्ही लालबागचे, वडील गिरणीत. सुट्टीला बाहेर जायचं म्हणजे राणीची बाग, दुसरं काही खिशाला झेपायचं नाही. तेव्हा हत्तीवर फेरी मारता यायची. मी चढताना रडलो आणि उतरवताना त्याहून जोरात, असं आई सांगते. मला आठवतो तो पाणघोडा. बराच वेळ पाण्यावर नुसते कान आणि नाकपुड्या. चारा पडला की एकदम तो गुलाबी जबडा, आणि पिवळट सुळ्यांना चिकटलेल्या गवताच्या काड्या. शेजारच्या काकू दरवेळी तितक्याच दचकायच्या.

—

मी प्राणी बघायला जातच नाही, झाडांसाठी जाते. तीन हजारांवर झाडं, अडीचशेहून जास्त जाती, तीही भायखळ्यात! गोरखचिंच आहे, कैलासपती आहे, आणि उर्वशी. उर्वशीचे लालसर घोस झुंबरासारखे खाली लोंबतात, एकेका फुलावर पिवळा ठिपका. फुललीय असं कळलं की आमच्या फिरायला येणाऱ्या बायकांचे फोन सुरू.

२००७ च्या सुमारास बागेचा कायापालट करायचा मोठा आराखडा आला, तेव्हा झाडांचं काय, हा प्रश्न नागरिकांनीच लावून धरला. झाडांच्या नोंदी, पत्रं, हरकती, लोकांना बरोबर घेऊन झाडं दाखवत फिरणं. यात पुढे होत्या त्या बहुतेक रोज सकाळी फिरायला येणाऱ्या बायका. आराखडा मूळ रूपात काही झाला नाही. मी त्यात सह्या गोळा करण्यापुरतीच होते. पण सही देताना लोक आपली आठवण सांगितल्याशिवाय पेन परत करत नसत, त्यामुळे एका कागदाला अख्खी सकाळ जायची.

—

झाडं मान्य, पण पेंग्विनना नाकं मुरडू नका. २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांतच गेला. टीका झाली, व्हायलाच हवी होती. पुढच्या वर्षी तिकीट ५ रुपयांवरून ५० झालं, चौघांच्या कुटुंबाला १००. रोज येणाऱ्यांना ते खुपलं, मलाही. तरी रविवारची रांग बघा. काचेला नाक लावून उभ्या पोरांना मागून हाका मारून आया थकतात. २०२० मध्ये औरंगाबादहून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली आणि गर्दी आणखी वाढली. या गर्दीतलीच काही पोरं उद्या बागेसाठी सह्या करतील.

—

पुतळ्यांचं कुणीच लिहिलं नाही? ज्यावरून फोर्टमधल्या काळा घोडा भागाला ते नाव पडलं तो घोडा १९६५ पासून इथेच आहे. घारापुरीचा दगडी हत्तीही. इंग्रज तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना फुटला, मग तुकडे जोडून इथे उभा केला. आमचे आजोबा म्हणायचे, या बागेतला हा एकच प्राणी खायला मागत नाही.

—

नव्याने जाणाऱ्यांसाठी: बुधवारी बंद असते. पाहुण्यांना घेऊन गेटवरून परत आलोय, म्हणून सांगतो.