'कलोनियल कझिन्स'चा पहिला अल्बम : कौतुक रास्त होते की एमटीव्हीने चढवलेले?

सांजधून :
परवा 'तानपुरा' यांनी असे लिहिले की, 1996 साली मॅग्नासाउंड कंपनीने काढलेला 'कलोनियल कझिन्स'चा, म्हणजे हरिहरन आणि लेस्ली लुईस या जोडीचा, पहिला अल्बम म्हणजे जाहिरातींच्या जिंगल्स लांबवून त्यांवर हरिहरनचा आवाज चढवण्याचा उद्योग होता, आणि त्याचे जे कौतुक झाले ते एमटीव्हीने पढवलेले होते. दोन ओळींत निकालात काढावा असा हा अल्बम नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वेळच्या इंडीपॉपची, म्हणजे चित्रपटांबाहेरच्या भारतीय पॉपगीतांची, अवस्था आठवून पाहा. 'मेड इन इंडिया' आणि 'बोलो ता रा रा' ही दोन्ही 1995 ची, याच कंपनीची. दोन्ही मला आवडतात, पण त्यांत ठेका आणि व्हिडिओ पुढे असतात व गळा त्यांच्या मागून चालतो. येथे मात्र उस्ताद गुलाम मुस्तफा खाँ यांच्याकडे शिकलेला, 1978 च्या 'गमन'पासून चित्रपटांत गाणारा, झाकीर हुसेन यांच्या तबल्यासोबत 'हाज़िर'च्या गझला गाणारा आणि आदल्याच वर्षी 'बॉम्बे'मधील 'तू ही रे'मुळे घरोघरी पोहोचलेला गायक स्वतःहून पॉपकडे वळला होता. 'सा नि ध प'मध्ये सरगम हाच मुखडा आहे. ज्याने आयुष्यात कधी सरगम घोकली नाही, तोसुद्धा ते गाणे गुणगुणतो, आणि इंग्रजीच्या जोडीने तमिळ ओळी आल्या तरी कुठेही अडत नाही. हे एमटीव्हीला पढवता येत नाही.

तानपुरा :
माझे म्हणणे अर्धवट उद्धृत केले आहे. हरिहरन यांच्या गळ्याबद्दल मी एक अक्षरही वाईट लिहिलेले नाही; उलट एवढा गळा असताना हे केले, हेच माझे दुःख आहे. लेस्ली लुईस हे जाहिरातींच्या संगीतातले निष्णात गृहस्थ आहेत, आणि या दोघांचे जमले तेही जिंगल्सच्याच निमित्ताने. तीस सेकंदांत पकड घेण्याची जी सवय तेथे लागते, तीच या अल्बममध्ये प्रत्येक गाण्याला लागलेली आहे. स्वर उलगडू लागला की गिटार येते आणि त्याला पुन्हा मुखड्यावर आणून बसवते.

मात्र माझा खरा आक्षेप 'कृष्णा नी बेगने बारो'ला आहे. कन्नड संतकवी व्यासतीर्थांचे हे पद यमुनाकल्याणी रागातले, वात्सल्याचे आहे. आई आपल्या बाळाला लवकर ये, तुझे मुख दाखव, म्हणून बोलावते. भरतनाट्यम नर्तिका बालासरस्वतींचा त्यावरचा अभिनय सत्यजित राय यांनी 1976 च्या माहितीपटात समुद्रकिनाऱ्यावर चित्रित केला आहे. तो ज्याने पाहिला, त्याला या पदात ड्रम घालण्याची इच्छाच होणार नाही. या मंडळींनी त्यात इंग्रजी कडवी घालून आईच्या हाकेचे जगाच्या उद्धाराचे निवेदन करून टाकले, आणि त्यालाच लोकांनी टाळ्या दिल्या.

कृष्णाकाठ :
'तानपुरा' यांचे शेवटचे वाक्य मला मान्य आहे. आमच्या बेळगावच्या घरात आजी हे पद संध्याकाळी दिवा लावल्यावर म्हणत असे, कोणतेही वाद्य नसताना, आणि शेवटच्या ओळीला तिचा आवाज हटकून भरून येत असे. पुढे कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मुलांनी याच पदावर हात वर करून नाच केला, तेव्हा मी उठून बाहेर गेले. आज अभंगांचे जे चालले आहे, म्हणजे मागे ड्रमसेट, पुढे धुराचे यंत्र आणि मध्ये 'माउली, माउली', त्याचे मूळ मला या अल्बमच्या यशात दिसते. एकदा बाजारात हे खपते असे कळले, की मग थांबवणार कोण?

सांजधून :
आजींबद्दल पूर्ण आदर राखून सांगतो की, दहा-वीस वर्षांनंतर कोणीतरी लावलेल्या धुराच्या यंत्राचा हिशेब 1996 च्या अल्बमकडे मागणे हा न्याय नव्हे.

आणि वाद्यांचेच म्हणाल, तर ज्या कर्नाटक संगीताच्या शुद्धतेची येथे ग्वाही दिली जात आहे, त्यात व्हायोलिन कोठून आले? तंजावरच्या सरफोजी राजांच्या, म्हणजे भोसल्यांच्याच दरबारी पाश्चात्त्य वाद्ये वाजत होती. तेथून त्रावणकोरला गेलेल्या संगीतकार वडिवेलूंना तिथल्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी 1834 मध्ये हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले, आणि आज त्या वाद्यावाचून कर्नाटक मैफलीची कल्पनाही करवत नाही. आपल्याकडे आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती तीन दशके टिकवली. तेव्हाही अगदी हेच युक्तिवाद केले जात होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये 'शाकुंतल' रंगभूमीवर आणताना कानडी चाली घेतल्याच होत्या. त्यांनाही आपण जिंगलवाले म्हणणार का?

तानपुरा :
हा उपमर्द मी सहन करणार नाही. किर्लोस्करांचे नाव या वादात ओढणे हा अप्रामाणिकपणा आहे. वाद्य बदलणे आणि पदाचा भाव बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण पहिलीचे पुरावे देऊन दुसरीबद्दल गप्प बसला आहात. व्हायोलिनने पदातल्या आईला बाजूला सारले नाही. मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्या, इतिहासाचे पाठ नंतर द्या.

पश्चिम रेल्वे :
त्याचे उत्तर मी देतो. त्या इंग्रजी ओळींत येशू होऊन ये, राम होऊन ये, अल्लाह होऊन ये, कोणीही होऊन ये, अशी विनवणी आहे. मी माहीममध्ये वाढलो. जानेवारी 1993 च्या दंगलीत आमच्या इमारतीतील दोन कुटुंबे रातोरात नातेवाइकांकडे निघून गेली, आणि त्यांपैकी एक परत आलेच नाही. त्यातल्या मुलाबरोबर मी रोज शाळेत जात असे. त्यानंतर तीन वर्षांनी त्याच शहरातून हे गाणे आले आणि त्यात ही नावे एका दमात, एका सुरात उच्चारली गेली. आमच्या घरी माझे वडील, ज्यांना पॉप अजिबात खपत नसे, ती कॅसेट मागे फिरवून ते कडवे पुन्हा लावत. त्यांना ना एमटीव्ही ठाऊक होते, ना व्यासतीर्थ. आपण भाव बदलला म्हणता. मला तर त्या वेळी मुंबईत दुसरा कोणता भाव मनात येऊ शकत होता, हेच कळत नाही.

आणखी एक. महाराष्ट्राने हरिहरनना 'जोगवा'तील 'जीव रंगला' गायल्यावर आपले म्हटले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यावर सत्कार केले. ज्या मुंबईत त्यांनी हा अल्बम केला, तेथील मराठी नियतकालिकांनी त्याची दखल घेतलेली मला तेव्हा तरी दिसली नाही. गाणे मराठीत असेल तरच ते आपले, ही वृत्ती मला फार खटकते.

कृष्णाकाठ :
'पश्चिम रेल्वे' यांचे अनुभव वाचून मी काल उत्तर लिहायचे थांबवले. आज लिहिते, कारण एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागत आहे. मूळ पदाच्या ज्या शेवटच्या ओळीला आजीचा कंठ दाटत असे, तिच्यात हाच बाळ आईला आपल्या मुखात अवघे जग दाखवतो आणि उडुपीच्या त्या कृष्णाला जगाचा उद्धारकर्ता म्हटले आहे. म्हणजे जगाच्या उद्धाराची प्रार्थना या गाण्यात बाहेरून आणलेली नाही. ती पदातच आहे, या दोघांनी तेवढीच पुढे ओढली. ड्रमबद्दलचे माझे मत कायम आहे. तो ठेका मला आजही बोचतो.

तानपुरा :
शेवटच्या ओळीचे म्हणणे बरोबर आहे, तेवढे मान्य करतो. परंतु ती ओळ पदाच्या शेवटी येते, याला कारण आहे. आधी पायातले वाळे, हातातली बासरी, पीतांबर असे सगळे बाळाचे रूप डोळ्यांसमोर येते आणि मग त्या एवढ्याशा तोंडात विश्व दिसते. तेथवर पोहोचण्याचा वेळ श्रोत्याला न देता विश्वाचीच भाषा सुरू केली, तर मुखाचे नवल उरत नाही. माझ्या मते हीच जाहिरातीची घाई आहे, आणि 'सांजधून' यांनी अद्याप त्यावर काहीही लिहिलेले नाही.

सांजधून :
लिहितो. घाई आहे, हे या एका गाण्यापुरते मी कबूल करतो. साडेचार-पाच मिनिटांच्या पॉपगीतात चरणांचा क्रम सांभाळणे कठीण असते. पण 'इंडियन रेन' ऐका आणि तेथे कोण कोणाला मुखड्यावर आणून बसवते ते सांगा. गिटार मागे राहून वाट पाहते आणि हरिहरन हवा तेवढा वेळ घेतात. जिंगल करणाऱ्याला थांबता येत नाही, असे म्हणणाऱ्याने लेस्ली लुईस यांचे हे थांबणे ऐकलेले नाही. 1999 मध्ये गायक केके यांच्या 'पल' या अल्बमलाही त्यांचेच संगीत होते, आणि तेथेही गायकाच्या श्वासाला त्यांनी जागा ठेवली आहे.

तानपुरा :
'इंडियन रेन' मी पुन्हा ऐकले. गिटार थांबते, हे खरे आहे. पण एवढे थांबणे ज्यांना जमत होते, त्यांनी ते व्यासतीर्थांच्या पदात का केले नाही, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.