रंगापेक्षा उठाव बघा

वर कोणीतरी म्हटलंय की धार्मिक चित्रांची नाणी रंगीत छापलेलीच घ्यावीत. मला नाही पटत. इटालियन चित्रकार राफाएलच्या ५००व्या पुण्यतिथीचं, २०२० चं व्हॅटिकनचं २ युरोचं नाणं पाहा. त्यावर त्याच्यासोबत 'सिस्टाइन मॅडोना' या त्याच्या चित्राच्या (मॅडोना म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी) तळाशी रेललेले दोन छोटे देवदूत आहेत. मूळ चित्र (ते जर्मनीत ड्रेस्डेनला आहे) अडीच मीटरांहून उंच, आणि नाणं जेमतेम २५.७५ मिलिमीटरचं! अख्खी मॅडोना त्यात कोंबली असती तर चेहरे ओळखूही आले नसते. म्हणून तेवढाच तुकडा निवडला, हे फार आवडलं मला. रंगाचं काम इथे धातूचा उठाव आणि सावली करतात. नाणं उजेडात तिरकं धरून बघाच एकदा.