चौकशी चालू आहे आणि एचआर म्हणतंय राजीनामा द्या. सही करू का?

स्टोअरवाला
नमस्कार. कारखान्यात स्टोअरला आहे, ११ वर्षं ४ महिने झाले. सगळं खरं लिहितो, अर्धं लपवून सल्ला मागण्यात काही अर्थ नाही.

मार्चच्या गडबडीत मी तीन कोऱ्या गेटपासांवर सह्या करून ठेवल्या. सुटायची वेळ झालेली, गाडी काट्यावर उभी, ड्रायव्हर हॉर्न बडवतोय. डिस्पॅचचा माणूस म्हणाला, "सही करून जा, आकडे मी भरतो." आमच्याकडे सगळेच असं करतात. (हे वाक्य मी खुलाशातही लिहिलं आणि कागद हातातून गेल्यावर कळलं की लिहायला नको होतं.) त्यातल्या एका पासावर तांब्याचं स्क्रॅप बाहेर गेलं. चोरी मी केलेली नाही. सही मात्र माझीच.

कारणे दाखवा नोटीस आली, उत्तर दिलं, मग दोन आठवडे सामसूम. परवा एचआरने केबिनमध्ये बोलावलं. साहेब एकदम गोड. "अकरा वर्षांचं रेकॉर्ड कशाला खराब करून घेता? राजीनामा द्या, विषय इथेच संपला." कागद टाइप करून तयार होता. वाचला, तर माझं आडनाव चुकलेलं आणि कारण काय, तर "उच्च शिक्षणासाठी". अहो, मी ४३ वर्षांचा, मुलगी दहावीला आहे. कुणाच्या तरी जुन्या राजीनाम्यात माझं नाव घुसवलं होतं, तेही धड नाही. कागद उचलला तर खाली दुसरा: राजीनामा स्वीकारल्याचं पत्र, त्याच तारखेचं, त्यावर साहेबांची सही झालेली.

"घरी विचारून सांगतो" म्हणून उठलो. सोमवारपर्यंत मुदत दिलीय. घरी अजून तोंड उघडलेलं नाही. सही नाही केली तर ग्रॅच्युइटीही जाईल, असं त्यांनी आडून सुचवलं. काय करू?

दुसरी पाळी
सही करू नका. बाकीचं जाणकार सांगतील. आणि आधी घरी सांगा.

जुना एचआर
मी टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसलोय, म्हणून मोकळेपणाने सांगतो. तुमच्या गोष्टीत खरी गोम त्या खालच्या कागदात आहे. राजीनामा स्वीकारला जाण्याआधी मागे घेता येतो. म्हणूनच स्वीकृतीचं पत्र आधी छापून ठेवतात. तुम्ही सही केलीत की दोन मिनिटांत दार बंद. रात्री झोप न लागून सकाळी "मागे घेतो" म्हणून गेलात तर काही उपयोग नाही. मग दबावाखाली सही घेतली हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल, आणि केबिनमध्ये तुम्ही दोघंच होतात.

ग्रॅच्युइटीची भीती निम्मी खरी, निम्मी हूल. १९७२ च्या कायद्यातला नियम नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे: ग्रॅच्युइटी जप्त करायची तर आधी त्याच गैरवर्तनासाठी नोकरीवरून काढलेलं असावं लागतं. निष्काळजीपणाने नुकसान झालं असेल तर नुकसानीच्या रकमेपुरतीच कापता येते. दंगा, मारामारी किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्णही जाऊ शकते. चोरी त्यात बसते. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की त्यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेलीच असली पाहिजे असं नाही. म्हणून तुमच्यासाठी कळीचा प्रश्न एकच: आरोप चोरीचा आहे की हलगर्जीपणाचा? चार्जशीटमध्ये (म्हणजे कंपनी देते त्या लेखी आरोपपत्रात) कुठला शब्द येतो त्यावर तुमचे ११ वर्षांचे, दर वर्षाला १५ दिवस याप्रमाणे १६५ दिवसांचे पैसे अवलंबून आहेत. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरून भागाकार करतात, म्हणजे सव्वासहा महिन्यांहून थोडा जास्त बेसिक आणि डीए. वरचे ४ महिने धरत नाहीत, सहाच्या पुढे गेले असते तर पूर्ण वर्ष मिळालं असतं. पीएफला मात्र कुणी हात लावू शकत नाही.

आता कंपनीला एवढी घाई का, ते सांगतो. रीतसर चौकशी लावली की चार्जशीट द्यावी लागते, चौकशी अधिकारी नेमावा लागतो, आणि डिस्पॅचच्या त्या माणसाला साक्षीला बसवावं लागतं. त्याला प्रश्न विचारायचा हक्क तुम्हाला आहे. पहिलाच प्रश्न कोणता असेल? "कोरे पास किती वर्षं चालू आहेत आणि कुणाच्या सांगण्यावरून?" हे एकदा कागदावर आलं की वरच्या साहेबांनाही उत्तर द्यावं लागेल. तुमच्या राजीनाम्यात त्यांचीही सुटका आहे. बाकी चौकशीला गैरहजर राहू नका. एकतर्फी निकाल लावायला तेवढंच पुरतं.

वजाबाकी
मला हे पटत नाही. सही त्यांची आहे, हे ते स्वतः कबूल करतायत. चौकशीत कोर्टासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यता जास्त वाटली तरी भागतं. बडतर्फीचं पत्र हातात घेऊन चाळिशीत नोकरी शोधण्यापेक्षा राजीनामा बरा. फक्त कागद त्यांचा नको, तुमचा हवा. नोटीस पिरियडचा पगार, ग्रॅच्युइटी, साधं रिलिव्हिंग लेटर आणि चौकशी बंद केल्याचं एक ओळीचं पत्र, हे सगळं सहीच्या आधी लेखी मागा. देत नसतील तर "विषय इथेच संपला" हे नुसतं बोलणं आहे. राजीनाम्यानंतरही पोलिसांत तक्रार करायला त्यांना कुणी अडवलेलं नाही.

एकदा पोळलेला
वरच्या शेवटच्या वाक्याच्या खाली मी दोनदा रेघ मारीन. माझं प्रकरण खोट्या बिलांचं होतं, बिलं माझ्या हाताखालच्या मुलाची. मी राजीनामा देऊन मोकळा झालो, म्हणजे तसं वाटलं. नव्या कंपनीच्या फॉर्मवर रकाना होता: "नोकरी सोडताना शिस्तभंगाची कारवाई प्रलंबित होती का?" मी "नाही" लिहिलं. व्हेरिफिकेशनवाल्यांनी जुन्या एचआरला फोन लावला आणि तिसऱ्या आठवड्यात माझं ओळखपत्र काढून घेतलं. खोट्या बिलांसाठी मला कुणी काढलं नव्हतं. "नाही" या दोन अक्षरांसाठी काढलं.

चौकशी बंद झाल्याचं पत्र हातात असतं तर तोच "नाही" खरा ठरला असता. तेवढं पत्र सोडू नका.

जुना एचआर
वजाबाकींचं म्हणणं मी खोडून काढत नाही. वाटाघाटी कराच, पण चार्जशीट बघून करा. आत्ता तुम्ही कशाच्या बदल्यात काय देताय हेच तुम्हाला माहीत नाही. आणखी एक, निलंबित केलं तर घाबरू नका. कामगाराच्या व्याख्येत बसत असाल तर पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा निर्वाहभत्ता मिळतो, त्यापुढे, उशीर तुमच्यामुळे नसेल तर, पाऊण.

स्टोअरवाला
सगळ्यांचे आभार. रविवारी रात्री बायकोला सांगितलं. ती रागावली, पण कोऱ्या पासांवर नाही, तीन आठवडे गप्प राहिलो त्यावर.

सोमवारी चार ओळींचं पत्र घेऊन गेलो: "राजीनाम्याबाबत विचार करण्यास वेळ हवा, आरोप लेखी मिळावेत." पोच मागितली तर साहेब म्हणाले, "एवढं औपचारिक कशाला?" मग इनवर्डला, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर दिलं, तिथल्या मुलीने न विचारता शिक्का मारला. टाइप केलेल्या राजीनाम्याची प्रत मागितली, तर तो कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला.

काल चार्जशीट आली. आडनाव बरोबर आहे. शब्द "गंभीर हलगर्जीपणा" असा आहे, चोरी कुठेही नाही. पण पास चार दाखवलेत. मला तीनच आठवतात. चौथ्याची मूळ प्रत बघायला मिळावी असा अर्ज आज दिलाय.