सायनससाठी वाफेत नीलगिरी तेल किती टाकायचं?

मृणाल_के
थंडी सुरू झाली की माझं सायनस डोकं वर काढतं, नाक चोंदलेलं, कपाळ जड आणि खाली वाकलं की गालाची हाडं ठणकतात. मैत्रिणीने पेपरमिंट ऑइल दिलंय, घरात उटीचं नीलगिरी तेल पण आहे. वाफेत किती टाकायचं? नाकात आतून तेलाचं बोट फिरवलं तर चालेल का? आणि दीड वर्षाच्या लेकालाही सर्दी झालीय, त्याच्या खोलीत तेलाचा वास हवेत पसरवणारा डिफ्युझर लावू का?

काकू_डोंबिवली
अगं तेलबिल कशाला, ओवा तव्यावर भाज, जरा चुरड आणि सुती रुमालात पुरचुंडी बांधून हुंगत बस. ओव्यात थायमॉल असतं, वास कसा झणझणीत येतो बघ. पुरचुंडी आधी मनगटाला लावून बघ हो, फार गरम नको.

गोळ्यावाला
फार्मासिस्ट आहे म्हणून आधी लेकाचं सांगतो, डिफ्युझर नको आणि नीलगिरी, पेपरमिंट, कापूर यातलं काहीही त्याच्या नाकाशी किंवा छातीवर नको, एवढ्या लहान मुलांना त्याने श्वासाचा त्रास होऊ शकतो. नीलगिरी थोडंसं पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात, बाटली वरच्या फळीवर ठेवा. तुमच्यासाठी पातेलंभर पाण्यात दोन-तीन थेंब पुरे, डोळे मिटून घ्या, गॅसवरून उतरवल्या उतरवल्या तोंड घालू नका. नाकाच्या आत तेल अजिबात नाही, आतली त्वचा भाजल्यासारखी होते. दमा असेल तर हे सगळंच राहू द्या. आणि खरं सांगू का, पेपरमिंटमधल्या मेंथॉलने नाक उघडल्यासारखं वाटतं ते थंडाव्यामुळे, सूज तशीच असते.

मृणाल_के
बापरे, बाटली आत्ताच वर ठेवली. मग सूज उतरायला काय करू? नाकात मारायचा स्प्रे आहे घरी.

नेतीवाला_नाशिक
जलनेती! म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढायचं. पाव लिटर पाण्यात चहाचा अर्धा चमचा बिनआयोडीनचं मीठ, पाणी उकळून कोमट केलेलंच, थेट नळाचं नको. पहिल्यांदा घशात उतरतं, ठसका लागतो, तोंडाने श्वास घेत राहायचा.

गोळ्यावाला
+१. स्प्रे झायलोमेटाझोलीनचा असेल तर पाच-सात दिवसांच्या वर नको, नंतर तोच नाक चोंदवतो. दहा दिवसांत उतार नाही पडला तर ईएनटीकडे (कान-नाक-घसा डॉक्टरकडे) जा, आणि डोळ्याभोवती सूज आली किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी.