एच-४ व्हिसावर चार वर्षं. पुन्हा ‘मॅडम’ कसं व्हायचं?

पेठेतली_डलासला:
सध्या माहेरी आलेय, कोल्हापूरला मंगळवार पेठेत. काल महाद्वार रोडला साडीच्या दुकानात एका पोरीनं हाक मारली, “मॅडम, ओळखलं का?” बारावीला मी तिला केमिस्ट्री शिकवलेली. मला तिथंच रडू फुटलं. ती बिचारी घाबरली.

सात वर्षं शिकवलं. मग लग्न, अमेरिकेत डलास, एच-४, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागं बायकोला मिळणारा व्हिसा. नोकरीची परवानगी नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिथला सरकारी ओळख क्रमांक नाही. फोन, वीज, घरभाडं सगळं नवऱ्याच्या नावावर. दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘व्यवसाय’पुढं रेघ मारते. नवरा चांगला आहे हो, हिशोब मागत नाही. तरी भाजी घेताना “कार्ड वापरतेय” असा मेसेज मीच टाकते. कशाला, देव जाणे!

तिथं माझी ओळख काय, तर “तांबडा-पांढरा झकास करते ती”. कोल्हापुरात असताना मी कधी रस्सा केला नव्हता. आई करायची.

नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं करायचा अर्ज, अजून भरलेलं नाही. तोवर काय करावं?

न्यूजर्सीकर:
आय-१४० मंजूर झालं की ईएडीला, म्हणजे बायकोच्या नोकरीच्या परवानगीला, अर्ज करता येतो, २०१५ पासून तसा नियम आहे. नवऱ्याला कंपनीकडं आय-१४० चा तगादा लावायला सांगा. एच-४ वर शिकता मात्र येतं. आणि तिथं बसून भारतातल्या मुलांच्या पैसे घेऊन ऑनलाइन शिकवण्या घ्यायच्या असतील तर आधी वकिलाला विचारा. “कोणाला कळतंय” म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

रंकाळा_ते_जर्मनी:
इकडं उलटं. नोकरीची मुभा आहे, पण मी फार्मासिस्ट. परवान्यासाठी सी-१, म्हणजे बरीच वरच्या पातळीची, व्यावसायिक जर्मन परीक्षा. तोवर बेकरीत ब्रेड विकते.
एक गंमत सांगते. इथं पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आमच्या पेटीवर फक्त नवऱ्याचं होतं, माझ्या पासपोर्टवर माहेरचं. भाषेच्या क्लासचं पत्र दोनदा परत गेलं. शेवटी कागदावर ‘पाटील’ लिहून चिकटपट्टीनं लावलं. पावसानं दोनदा निघालं, पुन्हा लावलं.

उभा_मारुती:
मी कुठं गेले न्हाई. तीस वर्षं याच गल्लीत हाय, तरी मला नावानं कोण हाक मारतंय? वहिनी, काकू, अमक्याची आई. तुमी परदेशाचं काय घेऊन बसलाय!

पेठेतली_डलासला:
काकू, हे आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली.
पत्रपेटीवर माझंही नाव नाही, आत्ता लक्षात आलं.
त्या पोरीचा धाकटा भाऊ बारावीला आहे, मोल संकल्पनेत अडकलाय. उद्या सकाळी ये म्हटलंय. माळ्यावरचा फळा काढलाय, एक कोपरा उंदरानं खाल्लाय, पण चालेल. खडू आणायला निघालेय.